सोलापुरातल्या प्लॉटचं टायटल कोर्टातून साफ करायचं असेल तर

उताऱ्यावर नाव लागलं, घरपट्टीची पावती आपल्या नावाने येते, इतकी वर्षं कुणी हटकलं नाही. एवढ्या भांडवलावर सोलापुरात कितीतरी प्लॉट ‘क्लियर’ मानले जातात. खरी परीक्षा विकताना होते. घेणाऱ्याला कर्ज हवं असतं, बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि त्याच्या अहवालात एकच ओळ येते: टायटल मार्केटेबल नाही, म्हणजे मालकी निर्धास्तपणे विकण्याजोगी नाही. मग मालक तावातावाने म्हणतो, “दावा टाकतो, कोर्टातूनच क्लियर करून आणतो.”

दावा टाकायला हरकत नाही, पण कोर्टाकडून नेमकं काय मिळतं ते आधी समजून घ्या. मालकी जाहीर करून घेण्याचा दावा स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट १९६३ च्या कलम ३४ खाली चालतो. त्याच्या लगेच पुढे कलम ३५ आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की असा हुकूमनामा दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असतो. म्हणजे कोर्ट तुमचा प्लॉट साऱ्या जगाविरुद्ध साफ करून देत नाही. ज्यांना प्रतिवादी केलं त्यांची तोंडं बंद होतात. जो राहून गेला, तो उद्या नवा दावा घेऊन दारात उभा राहू शकतो. म्हणून खाली सांगितलेल्या जवळपास प्रत्येक कामाचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे: या जमिनीवर बोलू शकणारी माणसं एकूण किती आणि कोण?

समजण्यासाठी एक काल्पनिक प्रकरण धरू. सोरेगाव शिवारात बाराशे चौरस फुटांचा प्लॉट तुम्ही २०१४ मध्ये दोन भावांकडून नोंदणीकृत खरेदीखताने घेतला. त्यांचे वडील २००३ मध्ये वारले, आई त्याआधीच गेलेली. आता विकायला काढल्यावर तीन गोष्टी निघाल्या. या भावांना एक बहीण आहे आणि तिची सही कुठेच नाही. १९९८ मध्ये वडिलांनी तिसऱ्याच माणसाला करून दिलेलं साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्सला (दस्तांच्या सूचीत) दिसतंय. आणि उताऱ्याच्या इतर हक्कांत विकास सोसायटीचा जुना बोजा आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या प्लॉटची दुखणी बहुतेक याच जातीची असतात.

आधी कागद, मग वकीलपत्र

शोध स्वस्तात उरकू नका. आयजीआरच्या (राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये अलीकडच्या वर्षांचे दस्त सापडतात, पण जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून सूची क्रमांक दोनची बाडं उलटावी लागतात. शहरात एकाहून जास्त कार्यालयं आहेत आणि दस्त त्यातल्या कुठल्याही एका ठिकाणी नोंदलेला असू शकतो. सर्च रिपोर्ट घेताना कोणत्या कार्यालयात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत पाहिलं आणि कोणती बाडं फाटलेली किंवा गहाळ होती, हे लिहूनच घ्या. एका कार्यालयात बघून ‘निरंक’ लिहिलेल्या अहवालाला फारसा अर्थ नाही.

सातबाऱ्यावर थांबू नका. उताऱ्यावर जेवढे फेरफार क्रमांक दिसतात, त्या प्रत्येकाची गाव नमुना सहाची नक्कल काढा. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही तालुक्यांची तहसील कार्यालयं शहरातच असल्याने लोक हमखास चुकीच्या दारात जातात, म्हणून आधी गाव कोणत्या तालुक्यात ते पाहा. बहिणीचा पत्ता बहुधा वारस नोंदीच्या फेरफारातच लागतो. वारस नोंदवताना बहिणींची नावं आधी ‘इतर हक्कांत’ घालायची आणि पुढे एखाद्या साध्या जबाबावर कमी करायची, ही जुन्या काळची सर्रास पद्धत. आणि एक लक्षात ठेवा, फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. ती महसुलासाठी केलेली नोंद आहे. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी असल्याचं गृहीत धरतात, पण विरुद्ध पुरावा आला की ते गृहीतक कोसळतं.

मंगळवार पेठ, साखर पेठ, भवानी पेठ अशा जुन्या भागातलं घर असेल, तर सातबाऱ्याच्या जागी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका आणि तिच्यामागची चौकशी नोंद काढा. पेठांतले जुने कागद मोडी लिपीत सापडतात, अक्कलकोटच्या बाजूला कानडी किंवा उर्दूतही. लिप्यंतर आणि भाषांतर जाणकाराकडून करून घ्या, कारण कोर्टात मूळ कागदासोबत तेही द्यावं लागतं. इथल्या एकेका वाड्याचे वारस पुणे, भिवंडी, हैदराबादला पांगलेले असतात. वंशावळ घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्या आणि मृत्यू दाखल्यांशी ताडून पाहा.

मग शहराच्या खास खोचा. सोलापूर नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली होतं. तो कायदा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ ला रद्द झाला, पण कलम २० खाली त्या मर्यादेतून सूट घेतलेल्या जमिनींवरच्या अटी त्याबरोबर आपोआप पुसल्या गेल्या नाहीत. इतर हक्कांत तसा शेरा असेल, तर दिवाणी कोर्टाआधी जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं. भोगवटादार वर्ग २, इनाम, देवस्थान, कुळ कायद्याचं कलम ४३ अशा सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनींचंही तेच. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कोर्टात मालकी जाहीर करून घेऊन बरा होत नाही. कुळाचा प्रश्न निघाला, तर कुळ होतं की नव्हतं हे दिवाणी कोर्ट ठरवूच शकत नाही. तो मुद्दा तहसीलदारांकडेच जातो.

हद्दवाढ भागातल्या गुंठेवारीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण सोलापुरात छोट्या गुंतवणूकदाराचे पैसे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. १९९२ मध्ये आसपासची गावं महापालिकेत आली, शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली आणि कित्येक व्यवहार स्टॅम्प पेपर, नोटरी आणि कुलमुखत्यारपत्रावर उरकले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित करून मिळतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाली. पण ते प्रमाणपत्र म्हणजे मालकीचा कागद नव्हे. स्थावराची मालकी नोंदणीकृत दस्तानेच जाते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर ती जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. विकणारा हयात असेल, तर कोर्टाच्या नादी न लागता आजच त्याच्याकडून रीतसर खरेदीखत करून घ्या, मुद्रांक शुल्क लागेल ते लागो. तो वारला असेल, तर त्याच्या सगळ्या वारसांकडून. आणि दस्त मुखत्याराने करून दिला असेल, तर मूळ मालकाच्या मृत्यूची तारीख आणि दस्ताची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा. मालक गेल्यानंतर मुखत्याराने केलेला दस्त, काही मोजके अपवाद सोडले, तर कुचकामी असतो.

शेवटी तीन छोटी कामं. ई-कोर्ट्सच्या साइटवर विकणारे, त्यांचे वडील आणि साठेखतवाला या सर्वांच्या नावाने खटले शोधा. सरसाईवर, म्हणजे बँकांकडच्या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, तारण बघा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या, म्हणजे दाव्यातली चतुःसीमा जागेशी जुळेल.

दुखणं कोणतं, औषध कोणतं

सगळे दोष कोर्टाचे नसतात. उताऱ्यातली लेखनाची चूक तहसीलदार महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करतात. दस्तात गट नंबर किंवा क्षेत्र चुकलं असेल, तर दोन्ही बाजूंनी चूकदुरुस्ती पत्र नोंदवलं की झालं. सोसायटीचं कर्ज फिटलेलं असेल, तर निल दाखला देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार होतो. पण सोसायटी अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) गेली असेल, तर अवसायकाकडे जावं लागतं आणि तिच्याविरुद्ध दावा करायला निबंधकांची परवानगी लागते. चालू सोसायटीविरुद्ध तिच्या कारभाराशी संबंधित दावा आणायचा तर सहकार कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. सरकार प्रतिवादी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० हेच सांगतं.

आपल्या उदाहरणातलं १९९८ चं साठेखत दिसायला भयंकर, पण बहुधा मेलेलं आहे. साठेखताने मालकी जात नाही, आणि करारपूर्तीचा दावा ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. तो माणूस ताब्यात नसेल, तर त्याच्याकडून थोड्या पैशांत रद्दलेख नोंदवून घेणं सगळ्यात स्वस्त. तो सापडत नसेल किंवा अडून बसला असेल, तरच कोर्ट.

बहिणीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे वकिलाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असली तर ती पहिल्या वर्गाची वारस. वडिलोपार्जित असली तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः सहहिस्सेदार, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी फरक पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात ठरवलंय. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्री-वाटण्यांना संरक्षण आहे, पण तुमचं खरेदीखत २०१४ चं. दोन्ही हिशेबांनी तिचा एक तृतीयांश. “लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध” हे वाक्य चावडीवर चालतं, कोर्टात नाही. पूर्ण प्लॉट माझा असं तिच्याविरुद्ध जाहीर करून मागितलं, तर तिने भरपाई घेऊन हक्क सोडल्याचा किंवा आधी रीतसर वाटणी झाल्याचा पुरावा लागेल. तो नसेल तर बोलणी करा.

बोलणी जमली तर कागद नीट निवडा. हक्कसोडपत्र सहहिस्सेदार दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करतो. तुम्ही बाहेरचे खरेदीदार. बहिणीने तुम्हाला आपल्या हिश्श्याचं खरेदीखत द्यावं, किंवा २०१४ च्या विक्रीला मान्यता देणारा दस्त करून तो नोंदवावा. त्यावर मुद्रांक किती, हे आधी विचारून घ्या. आणि खर्चासाठी भावांना गाठायला विसरू नका. तुमच्या खरेदीखतात ‘मिळकत निर्वेध व निजोखमी आहे, कोणी हक्कदार निघाल्यास निवारण आम्ही करू’ असं वाक्य बहुधा असतंच. ते नुसतं सजावटीला नसतं.

ती ऐकेचना, तर एक मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. भावांच्या कुटुंबाची आणखी जमीन असेल, तर खरेदीदार म्हणून तुम्ही साऱ्या मिळकतींच्या वाटपाचा दावा लावू शकता आणि हा प्लॉट भावांच्या हिश्श्यात टाकून तुमच्याकडे ठेवावा असं मागू शकता. बहिणीला तिचा हिस्सा दुसऱ्या जमिनीतून मिळतो. न्यायाच्या तत्त्वावर कोर्टं हे मान्य करत आलीत.

दाव्यात काय मागायचं

सगळ्यात जास्त दावे इथेच पडतात. टायटलवर खरोखर सावट असताना नुसता मनाई हुकुमाचा दावा आणला, तर तो अपुरा ठरतो, हे सुप्रीम कोर्टाने २००८ च्या अनथुला सुधाकर प्रकरणात सांगितलंय. उलट बाजूने, नुसती मालकी जाहीर करून मागितली आणि ताबा दुसऱ्याकडे असूनही ताबा मागितला नाही, तर कलम ३४ चं परंतुक आड येतं. म्हणून मागण्या अशा एकत्र येतात: मालकी जाहीर करून मिळावी, अमुक दस्त आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर व्हावं, ताबा गेला असेल तर तो परत मिळावा, आणि निरंतर मनाई हुकूम. आपण स्वतः सही केलेला दस्त उडवायचा असेल तर तो ‘रद्द’ करून मागावा लागतो. दुसऱ्यांनी आपसात केलेला असेल तर ‘बंधनकारक नाही’ एवढं जाहीर करून मागणं पुरतं. कोर्ट फीचा हिशेबही यावर बदलतो. प्लॉट घरातल्या स्त्रीच्या नावावर असेल, तर महिलांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ करणारी १९९४ ची अधिसूचना तुमच्या दाव्याला लागते का, हे वकिलाला आवर्जून विचारा.

मुदत हा दुसरा खड्डा. जाहीर करून मागण्याला आणि दस्त रद्द करायला तीन वर्षं, मालकीच्या आधारावर ताब्याला बारा. जाहीर करून मागण्याची तीन वर्षं हक्काला पहिल्यांदा बाधा आली तेव्हापासून मोजतात, दस्त रद्द करण्याची त्यामागचं कारण पहिल्यांदा कळलं तेव्हापासून. त्यामुळे ‘दाव्यास कारण कधी घडले’ हा परिच्छेद वकिलाने आधीच्या एखाद्या दाव्यातून उचललेला नाही ना, हे स्वतः वाचा. समोरची बाजू दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली दावा दारातच फेटाळायला सांगते, ती बहुतेक याच परिच्छेदावर बोट ठेवून.

प्रतिवादींची यादी करताना हात आखडू नका. भाऊ, बहीण, साठेखतवाला, तो वारला असेल तर त्याचे सगळे वारस, सोसायटी, ताब्यातला माणूस. “तिला कशाला ओढायचं, ती काही म्हणत नाही” असं वाटतं तिलाही घ्या. ती हजर राहून कबुली देईल किंवा एकतर्फी हुकूम होईल, पण कलम ३५ ची फट बुजते. पत्ता लागत नाही त्याच्यावर कोर्टाच्या परवानगीने वर्तमानपत्रातून समन्स बजावता येतं. दाव्याआधी ‘संचार’सारख्या इथल्या दैनिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस देतात, तीही द्यावी. हरकतदार आधीच उघडा पडतो. मात्र पंधरा दिवसांत कुणी आलं नाही म्हणजे हक्क संपले, असं मुळीच नाही.

वारस ठरवण्यासाठी अनेकजण सक्सेशन सर्टिफिकेट काढून आणतात. ते ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी असतं, जमिनीला उपयोग नाही. स्थावरासाठी १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला असतो, आणि वाद असेल तर तोही टिकत नाही. मृत्युपत्राला सोलापुरात प्रोबेट सक्तीचं नाही, पण ते कोर्टात सिद्ध करायला साक्षीदारांपैकी किमान एकजण लागतो. तो हयात आहे तोवर हालचाल करा.

कोर्टात गेल्यावर

मूल्यांकनाप्रमाणे दावा कनिष्ठ किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो. दाव्याबरोबरच निशाणी ५ चा अर्ज द्या, म्हणजे अंतरिम मनाई किंवा निदान जैसे थे मिळवायचा प्रयत्न होतो. त्यासाठी सकृद्दर्शनी हक्क, गैरसोयीचं पारडं आणि न भरून येणारं नुकसान, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. घरपट्टी, वीजबिल, कुंपणाची पावती, जुने फोटो हे सगळं इथे कामाला येतं. त्याच आठवड्यात लिस पेंडन्सची, म्हणजे प्लॉटवर दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंदणी केली की दाव्यादरम्यान प्लॉट घेणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. अर्थात तीच नोटीस तुमच्याही विक्रीच्या आड येते, हे धरून चाला. दावा संपेपर्यंत चांगल्या भावाने गिऱ्हाईक येणार नाही.

पुढे प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) येते, मुद्दे निघतात, सरतपास, उलटतपास. हद्दीचा वाद असेल तर कोर्ट कमिशनर म्हणून मोजणी अधिकारी नेमून मागा. मूळ कागद जपा, झेरॉक्सवर दावा चालत नाही. मुद्रांक कमी असलेला दस्त कोर्टात जप्त होतो आणि फरकावर दरमहा दोन टक्के दंड बसतो, म्हणून हे आधीच भरून टाका. प्रतिवादी वारला तर नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्या, नाहीतर त्याच्यापुरता दावा उपशमित होतो, म्हणजे बंद पडतो. सोलापुरातल्या मोठ्या खानदानांच्या दाव्यात हे एकदा तरी होतंच.

तडजोडीचं दार मात्र शेवटपर्यंत उघडं ठेवा. लोकअदालतीत झालेला तडजोड हुकूमनामा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बहिणीसारख्या प्रकरणात हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: तिला एक रक्कम, तुम्हाला स्वच्छ कागद. फक्त दाव्यातल्या मिळकतीबाहेरची जमीन तडजोडीत आणलीत तर तेवढ्यापुरता हुकूमनामा नोंदवावा लागतो. आणि तडजोडीच्या पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) प्रत्येक हिस्सेदाराची स्वतःची सही घ्या. “दादा सही करेल सगळ्यांची” चालणार नाही.

निकालानंतरची कामं

हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन फेरफाराला अर्ज करा. शहरातल्या मिळकतीला नगर भूमापनकडे. मालकी जाहीर झाली म्हणून ताबा आपोआप येत नाही. ताब्याच्या हुकुमासाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते आणि तिची मुदत बारा वर्षं. दस्त रद्द झाला असेल, तर कोर्टाने त्याची प्रत नोंदणी कार्यालयाला पाठवायची असते. तशी ती गेली का, नोंदवहीत शेरा पडला का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.

लगेच विकायची घाई करू नका. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस आहेत, हायकोर्टात नव्वद. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज आला तर मुदत आणखी लांबते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे हरलेल्या पक्षकाराला मुंबईच्या खेपेची धास्ती उरलेली नाही. म्हणून निकालाच्या दिवशीच अपिलाच्या कोर्टात कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज टाका. ते नव्वद दिवस चालतं, संपलं की पुन्हा टाका. अपिलाची मुदत उलटल्यावर ई-कोर्ट्सवर दोन्ही ठिकाणी सगळ्या पक्षकारांच्या नावाने शोध घ्या आणि लिस पेंडन्सची नोंद काढून टाकण्याची कारवाई करा. मग तोच सर्च रिपोर्ट नव्याने करून घेणाऱ्याच्या बँकेपुढे ठेवा.